वर्डचं ट्रॅक चेंजेस, आठ महिन्यांनंतर: सगळं चालेल, ते 'सिंपल मार्कअप' नको

ट्रॅक चेंजेस म्हणजे फाइलमध्ये कोणी काय खोडलं, काय घातलं, ते नोंदवून ठेवणारी वर्डची सोय. नाशकात आरोग्य विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे. प्रबंधांचं इंग्रजी तपासून देणाऱ्यांना ते रोजचंच. आठ महिने याच कामासाठी वापरल्यावरचं हे मत.

तक्रार एकच, पण गंभीर. फाइल उघडली की बहुतेक वेळा समोर येतं 'सिंपल मार्कअप'. पान स्वच्छ, समासात एक लाल रेघ, बस. विद्यार्थ्याला वाटतं, चार स्पेलिंगं सुधारली असतील. 'ॲक्सेप्ट ऑल' केलं, म्हणजे सगळे बदल एकदम स्वीकारले, की फाइल थेट बाइंडिंगला.

यात काय बिघडतं ते बघा. एमडीच्या प्रबंधात वाक्य आहे, 'देअर वॉज मच डिफरन्स बिटवीन द टू ग्रुप्स.' कानाला खटकतं म्हणून संपादक 'मच' काढून 'अ सिग्निफिकंट' घालतो. इंग्रजी सुधारलं. पण संशोधनात या शब्दाचा अर्थ, संख्याशास्त्रीय चाचणी केली आणि फरक तिच्यात टिकला, असा घेतात. चाचणीच झालेली नसेल, तर संपादकाने दुसऱ्याच्या नावावर खोटा दावा लिहिला. 'पी व्हॅल्यू', म्हणजे त्या चाचणीतून येणारा आकडा, 'किती?' या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर मात्र विद्यार्थ्याने द्यायचं. 'ऑल मार्कअप', म्हणजे सगळे बदल दाखवणारं दृश्य, असतं तर तो शब्द रंगात उठून दिसला असता.

म्हणून फाइल पाठवताना मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा: रिव्ह्यू टॅबमध्ये 'ऑल मार्कअप' निवडा, मगच वाचा.

कुठे बदलायचं आणि कुठे विचारायचं, हेही यातूनच पक्कं होतं. 'अनटिल द रिपोर्ट डज नॉट कम' हे आपलं 'येत नाही तोपर्यंत' आहे. तिथे 'अनटिल द रिपोर्ट कम्स' बेधडक करा. पण 'फार्मर्स ओन्ली रिपोर्टेड द लॉस' म्हणजे शेतकऱ्यांनीच कळवलं, की नुसतं कळवलं? माहिती त्यांनी गोळा केलीय, आपण नाही. कॉमेंट टाका, दोन्ही अर्थ लिहा, निवड त्यांच्यावर सोडा. 2,50,000 मधला स्वल्पविराम आणि 'लाख' यांना हात लावायची गरज नाही. सगळीकडे एकसारखं आहे ना, एवढंच बघा.

दुहेरी स्पेस काढताना ट्रॅकिंग चालू असेल तर फाइंड-रिप्लेस पुन्हा पुन्हा त्याच जागा दाखवतं, कारण खोडलेली स्पेस फाइलमध्ये असतेच. एवढ्यापुरतं ट्रॅकिंग बंद करा, लगेच चालू करा, आणि न दाखवता काय बदललं ते सोबतच्या टिपणात लिहा. ते टिपण टाळलं की कामाचा प्रामाणिकपणा गेला.

सुरुवातीला 'लॉक ट्रॅकिंग' फार आवडलं होतं. पासवर्ड घातला की समोरच्याला ट्रॅकिंग बंद करून गुपचूप परिच्छेद घुसडता येत नाही. आता मत बदललंय. लॉक असताना बदल स्वीकारता किंवा नाकारताही येत नाहीत, त्यामुळे निर्णय ज्याचा त्याचेच हात बांधले जातात. त्यापेक्षा आपण पाठवलेली प्रत जपून ठेवा आणि परत आलेली फाइल 'कम्पेअर'मध्ये तिच्याशी ताडून बघा. घुसडलेलं सगळं दिसतं आणि वेगळा पैसा लागत नाही.

पैशावरून आठवलं. व्याकरण तपासणाऱ्या साइटच्या महिन्याच्या वर्गणीवर खर्च करू नका. 'अ' आणि 'द'च्या चुका डोळ्यांनी सापडतात, आणि अप्रकाशित प्रबंध परवानगीशिवाय कुठल्या साइटवर चढवणं म्हणजे दुसऱ्याचं काम परस्पर तिसऱ्याच्या हाती देणं. वर्डही विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिसमध्ये बदल नोंदवता येतात, फुकट.

शेवटची फाइल देण्याआधी 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट', म्हणजे फाइलमधली लपलेली माहिती शोधून काढून टाकणारी सोय, चालवायची काहींना सवय आहे. त्यातून नावं काढली की प्रत्येक बदलावर नुसतं 'ऑथर' उरतं, आणि कोणता शब्द मार्गदर्शकांचा, कोणता संपादकाचा, हे कळत नाही. आधी नावांसकट एक प्रत वेगळी ठेवा, आणि ती विद्यार्थ्यालाही द्या.