काजूच्या टरफलातून तेल काढायचं मशीन, दोन सीझन वापरून झाल्यावर

आमचा वेंगुर्ल्याजवळ छोटा काजू कारखाना आहे. ज्यांच्याकडे बी फोडतात त्यांना माहीतच असेल, १०० किलो बीमागे ७० किलोच्या आसपास टरफलच निघतं, ते पावसात भिजत पडतं नाहीतर भट्टीत घातलं की असला काळा धूर सुटतो की वाडीतली माणसं बोलायला येतात. म्हणून एका वेळी ५० किलो टरफल मावणारा पायरोलिसिस ड्रम घेतला.

काम साधं आहे. ड्रम घट्ट बंद करून खालून जाळ द्यायचा, बाहेरची हवा आत येत नाही त्यामुळे टरफल जळत नाही, त्याची वाफ होते, ती कंडेन्सरमध्ये थंड होऊन तेल उतरतं, जो गॅस थंड होत नाही तो परत खालच्या भट्टीत जातो आणि आत उरतो कोळसा. हा परत येणारा गॅस मला सगळ्यात आवडला, तास-दीड तासानंतर लाकूड जवळजवळ लागतच नाही.

आता तक्रार. विकणाऱ्याने सांगितलेलं की एकदम ५०० डिग्रीला न्या. तसंच केलं आणि चौथ्या बॅचला कंडेन्सरचा पाईप डांबरासारख्या चिकट थराने पार चोंदला, फोन केला तर उचलेनात, शेवटी आम्हीच पाईप कापून साफ केला. नंतर आयआयटी मुंबईचा २००३ चा पेपर वाचनात आला. त्यांनी आधी टरफल १७५ डिग्रीपर्यंतच तापवून त्याचं मूळचं तेल वेगळं काढलं आणि मग उरलेल्याचं ५०० ला पायरोलिसिस केलं. तेव्हापासून मीपण दोन टप्प्यातच करतो, पाईप परत चोंदला नाही. पहिल्या टप्प्यातलं तेल काकवीसारखं दाट, तांबूस काळं धारेने उतरतं, हे रंग आणि ब्रेक लायनिंगवाल्यांना लागतं त्यामुळे वेगळं ठेवलं तर भाव बरा मिळतो. दुसऱ्यातलं पातळ, धुरकट वासाचं. दोन्ही मिळून मला बॅचमागे १४-१५ लिटर पडतं, कोळसा १० किलो.

डिझेलच्या जागी चालेल असं सांगून कोणी विकत असेल तर थांबा. त्या पेपरात तेल डिझेलमध्ये मिसळलं होतं हे खरं, पण त्यांनी व्हॅक्यूम लावला होता, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घेतली होती, आपल्या ड्रमला तो नाही. मी फक्त बी उकडायच्या बॉयलरला जाळतो, तिथे मस्त चालतं.

तेलाला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, कातडी सोलून निघते, बी फोडणाऱ्या बायकांना विचारा. तेलाखाली जे आंबट पाणी जमतं ते वहाळात सोडू नका. आणि ड्रम रात्रभर थंड होऊ द्या, आम्ही एकदा संध्याकाळीच झाकण उघडलं तर हवा लागल्याबरोबर अख्खा कोळसा पेटला.

पहिल्या टप्प्यातल्या तेलाचा एक हात मी गोठ्याच्या वाशांना दिलाय, कोकणात पूर्वी होड्यांना लावायचे तसाच. दुसरा पावसाळा गेला, वाळवी अजून चढलेली नाही.