यूएनएड्सचं जेंडर असेसमेंट टूल: रकाने भरून दमलेल्या बाईचा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन, ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाहीये त्यांची सुटका.

आता बाकीच्यांसाठी. हे टूल म्हणजे यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एचआयव्ही-एड्सवर काम करणाऱ्या संस्थेची एक जाडजूड पीडीएफ, फुकट मिळते, 2014 ला आली आणि नंतर सुधारून परत काढली. काम काय तर देशाचा एचआयव्ही कार्यक्रम बायका, पुरुष, ट्रान्स लोक, तरुण मुली या सगळ्यांपर्यंत सारखा पोचतो का, नसेल पोचत तर नेमका कुठे अडतो, हे त्या देशातल्याच लोकांनी एकत्र बसून तपासायचं. बाहेरून कोणी परीक्षक येत नाही, मार्क देत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली आणि माझी निम्मी तक्रारही हिच्यावरच आहे.

चार टप्पे आहेत. तयारी, मग साथ आणि आजूबाजूची परिस्थिती समजून घेणं, मग कार्यक्रम प्रत्यक्षात काय करतोय ते बघणं, आणि शेवटी जे सापडलं त्याचं काय करायचं ते ठरवणं. कागदावर एकदम सरळ. मी सामाजिक संस्थांच्या बाजूने अशा टीममध्ये बसलेय त्यामुळे हा नुसता चाळून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये, डोक्याला ताप झालेला आहे.

तयारीचा टप्पा लोक उरकून टाकतात आणि खरं तर सगळं तिथेच ठरतं. टूल म्हणतं वरून होकार मिळवा, टीम बनवा, कागदपत्रं गोळा करा, वर्कशॉप घ्या, टीममध्ये आरोग्य खातं असू दे, महिलांचं खातं असू दे, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या संघटना, सेक्स वर्कर, ट्रान्स लोक, सगळे असू देत. छान. पण प्रत्यक्षात सरकारी माणूस पगारी वेळेत येतो, कन्सल्टंटला फी असते, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बाई दिवसाची मजुरी बुडवून, पोराला कोणाकडे तरी ठेवून येते आणि तिच्यापुढे इंग्रजी किंवा फ्रेंच कागदांचा गठ्ठा ठेवतात की हं, आता तुमचं मत सांगा. सेक्स वर्करने पोलिसांच्या त्रासाबद्दल बोलायचं आणि समोरच्या खुर्चीत गृहखात्याचा माणूस. कोण बोलेल? टूल सहभागावर भरपूर भर देतं हे मान्य, पण ती खोली कशी चालवायची हे टीमलीडरच्या अकलेवर सोडलंय, आणि टीमलीडरला बहुतेक वेळा रिपोर्टची तारीख गाठायची घाई असते.

दुसरा टप्पा मात्र जबरदस्त आहे, साडेतीनमधले दोन स्टार याचेच. इथे तुम्हाला प्रत्येक आकडा सुटा करून मांडावा लागतो, बाई-पुरुष वेगळे, वयोगट वेगळे, गट वेगळे. हे का लागतं ते बघा. यूएनएड्सचे 2023 चे जागतिक आकडे घ्या, वर्षात साधारण 13 लाख नवीन लागण आणि त्यात बायका-मुली 44 टक्के. कोणी म्हणेल बरं आहे की मग, निम्म्याहून कमीच. सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत तोच आकडा 62 टक्क्यांवर जातो. 15 ते 24 च्या मुली वेगळ्या काढल्या की जगभरात दर आठवड्याला सुमारे 4,000 जणींना लागण होते आणि त्यातल्या 3,100 एकट्या त्या भागातल्या. एकत्र बेरजेत ही मुलगी दिसतच नव्हती.

आणि आता उलटी बाजू, कारण जेंडर म्हटलं की लोकांना वाटतं चला आता बायकांचं गाऱ्हाणं सुरू. त्याच वर्षी 15 वर्षांवरच्या एचआयव्ही असलेल्या बायकांपैकी 83 टक्के उपचारावर होत्या आणि पुरुष 72 टक्केच. बाई गरोदरपणात दवाखान्यात जाते, तिथे टेस्ट होते, सापडली की एआरटी, म्हणजे एचआयव्हीची नेहमीची औषधं, सुरू. पुरुषाला असा दरवाजाच नाहीये, सेंटर त्याच्या कामाच्या वेळात उघडं आणि संध्याकाळी बंद, शिवाय आजारी आहे हे कबूल करणं म्हणजे कमीपणा, मग तो येतो तेव्हा वजन निम्मं झालेलं आणि टीबी सोबत घेऊन. तो इतके दिवस बिनउपचाराचा राहतो म्हणून त्याच्या बायकोचा नाहीतर मैत्रिणीचा धोका वाढतो, म्हणजे पुरुषांची मर्दानगी आणि बायकांची लागण हे एकाच दोरीचे दोन टोकं आहेत. टूलमध्ये पुरुषांबद्दलचे प्रश्न आहेत पण टीमा ते भुर्रकन पुढे नेतात, मी पाहिलंय.

पण या टप्प्याचा खरा माल रिकाम्या रकान्यांत आहे. ट्रान्स बायका किती आणि त्यांच्यात लागण किती, रकाना रिकामा, कारण कित्येक देशांत त्यांना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या आकड्यात ढकललेलं असतं. ट्रान्स पुरुषांचं तर विचारूच नका. पन्नाशी उलटलेली बाई, रिकामा, कारण प्रमाण मोजायचा ठरलेला वयोगटच 15 ते 49, पोरं होण्याचं वय संपलं की बाई कागदावरून गायब. इंजेक्शनने नशा करणाऱ्या बायका, तुरुंगातल्या बायका, अपंग बायका, रिकामा रिकामा रिकामा. आता इथे काय होतं ते सांगते. रिकामा रकाना दिसला की कन्सल्टंटला घाम फुटतो, मग तो कुठल्या तरी जुन्या छोट्या सर्व्हेचा आकडा आणून चिकटवतो, किंवा शेजारच्या देशाचा, किंवा अख्खी ओळच काढून टाकतो म्हणजे रिपोर्ट स्वच्छ दिसेल. अहो ती रिकामी ओळ हाच तर निष्कर्ष आहे! देशाने ज्यांना मोजलं नाही त्यांच्यासाठी टेस्ट किट मागवलेले नाहीत, माणूस नेमलेला नाही, पैसा ठेवलेला नाही, हे सगळं त्या एका रिकाम्या चौकोनात लिहिलेलं असतं. माझं चाललं तर रिपोर्टच्या पहिल्या पानावर फक्त रिकाम्या रकान्यांची यादी छापेन.

तिसऱ्या टप्प्यात कार्यक्रमाला तपासायचं. इथे एक पायऱ्यांचा प्रकार कामाला येतो, सगळ्यात खाली असे कार्यक्रम जे भेदभाव वाढवतात, मग ज्यांना काही पडलेलंच नाही असे, मग जे बायका-पुरुषांच्या वेगळ्या गरजा ओळखतात, आणि सगळ्यात वर जे मुळातली सत्तेची गणितंच बदलायला बघतात. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला फरक टीमला पटवता पटवता जीव जातो. बाईला दवाखान्यात वेगळी रांग दिली ही तिसरी पायरी. नवऱ्याला न विचारता ती टेस्ट करू शकेल, घरी मार पडला तर तिला कायदा आणि निवारा मिळेल, तिच्या नावावर काहीतरी असेल, ही चौथी. प्रत्येक खात्याला आपलं काम चौथीवरच दिसतं, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त हसू येतं ते आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीच्या कार्यक्रमावर. तो कार्यक्रम चांगलाच आहे, लाखो बाळं वाचलीत, वाद नाही. पण प्रत्येक देश जेंडरच्या नावाखाली तोच पुढे करतो, बघा आम्ही बायकांसाठी एवढं केलं. बायकांसाठी की बाळांसाठी? हा प्रश्न हवेतला नाहीये. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, मग थोडी सूट दिली, आणि फेब्रुवारीत त्या सवलतीत प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, कोणाला, तर फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना. बाकी तरुण मुली, सेक्स वर्कर, ट्रान्स बायका, गे पुरुष यांची प्रेप त्या पैशातून बंद. पोटात बाळ असेल तर तुझा जीव वाचवण्यालायक, एवढा सरळ नियम मी तरी आधी पाहिला नव्हता. आणि दुसऱ्या टोकाला नामिबिया, तिथे एचआयव्ही असलेल्या तीन बायकांची नीट समजून दिलेली संमती न घेता नसबंदी केली म्हणून त्या कोर्टात गेल्या, 2012 ला हायकोर्टात जिंकल्या आणि 2014 ला सुप्रीम कोर्टानेही निकाल कायम ठेवला. सरकारी दवाखान्यांत, त्याच आरोग्य यंत्रणेत, जिथे बाळं वाचवल्याचे आकडे अभिमानाने सांगतात.

आता टूल कुठे कमी पडतं ते. मला डोल्युटेग्रॅव्हिरची गोष्ट नेहमी आठवते. एचआयव्हीवरचं चांगलं औषध, साइड इफेक्ट कमी, रेझिस्टन्स सहज येत नाही म्हणजे विषाणू त्याला सहज दाद देईनासा होत नाही. मे 2018 ला बोट्सवानाच्या अभ्यासात दिसलं की गर्भ राहताना हे औषध चालू असलेल्या 426 बायकांमध्ये 4 बाळांना मज्जानलिकेचे, म्हणजे मेंदू-कण्याच्या वाढीतले जन्मजात दोष होते. धोक्याची सूचना गेली, आणि कित्येक देशांनी काय केलं तर मूल होऊ शकेल अशा वयाच्या सगळ्या बायकांना जुन्या एफाविरेन्झवरच ठेवलं, काही ठिकाणी आधी गर्भनिरोधक घ्या मगच गोळी. मूल नको असलेली बाई, बायकांवरच प्रेम करणारी बाई, ऑपरेशन झालेली बाई, सगळ्या एकाच टोपलीत. जुलै 2018 ला किगालीत एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकन बायका जमल्या आणि त्यांनी सांगितलं की धोका आम्हाला समजावून सांगा आणि निवड आम्हाला करू द्या. पुढच्या वर्षी जास्त डेटा आला, 1,683 मध्ये 5, धोका फारच कमी निघाला, आणि जुलै 2019 ला डब्ल्यूएचओने सगळ्यांसाठी तेच औषध सुचवलं. मधलं वर्ष पुरुष चांगल्या गोळीवर आणि बायका चक्कर आणि वाईट स्वप्नं देणाऱ्या जुन्या गोळीवर. त्या वर्षी टूलचे रकाने भरले असते तर उपचारावर किती, बायका पुढे, सगळं हिरवं. कुठली गोळी, कोणी ठरवली, हे आकड्यात येतच नाही. हे विचारणारा माणूस टीममध्ये असला तर निघतं, नाहीतर नाही, म्हणून मी तयारीच्या टप्प्यावर एवढी कटकट केली.

हिंसेचा भागही असाच अर्धवट. जोडीदाराकडून मार खाणाऱ्या बायकांना काही भागांत लागणीचा धोका साधारण दीडपट असतो हे आता सगळ्यांना पाठ आहे, टूल विचारतं की हिंसेच्या सेवा एचआयव्हीच्या सेवांना जोडल्यात का, देश म्हणतो हो जोडल्यात, गाइडलाइन दाखवतात, झालं. बलात्कारानंतर 72 तासांच्या आत पेप, म्हणजे लागण टाळायला नंतर घ्यायचं औषध, सुरू व्हायला हवं, तर शनिवारी रात्री एखादी आली तर औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे विचारा, मग कळेल जोडलंय का नाही. टीमने वर्कशॉपचा एक दिवस कमी करून हे दवाखान्यात जाऊन बघावं.

चौथा टप्पा, निष्कर्षांचा वापर, इथे माझे दीड स्टार गेले. एवढी मेहनत करून शेवटी काय निघतं, तर शिफारशींचं टेबल, जागृती वाढवावी, क्षमता बांधणी करावी, समन्वय मजबूत करावा. कोणाचा खिसा, किती पैसे, कुठल्या तारखेला, कोणी नाही केलं तर कोण विचारणार, सगळं गुळगुळीत. दोष पूर्ण टूलचा नाही, ते म्हणतंच की निष्कर्ष राष्ट्रीय योजनेत आणि बजेटमध्ये जाऊ देत, ग्लोबल फंडच्या (एड्स, टीबी, मलेरियासाठी देशांना पैसे देणारा निधी) अर्जाला वापरा. आणि बऱ्याचदा असेसमेंट होतं ते त्या अर्जासाठीच! अर्ज गेला की रिपोर्ट कपाटात. 2021 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात देशांनी मान्य केलंय की 2025 पर्यंत लिंगभेद आणि हिंसा सोसणारे लोक 10 टक्क्यांच्या खाली आणायचे. 2025 आलं नि गेलं, पण त्याचा हिशोब या टेबलात कुठेच मागितलेला मला तरी दिसला नाही.

तरी घ्यावं का? हो, फुकट आहे आणि याच्याइतकं सविस्तर प्रश्न विचारणारं माझ्या पाहण्यात दुसरं नाही. टीबीचंही सोबत बघायचं असेल तर स्टॉप टीबी पार्टनरशिपबरोबर काढलेलं एचआयव्ही-टीबी एकत्रवालं घ्या, दोनदा वर्कशॉप करण्यापेक्षा बरं. फक्त बायकांच्या संघटनांना मजुरीचे पैसे आणि प्रवास आधी बजेटमध्ये धरा, दुभाषी ठेवा, आणि पोलिसांसमोर बोलायचं नसेल त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवा.

नवीन औषधांचा भाग तुम्हालाच जोडावा लागणार. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर इंजेक्शनच्या 2024 च्या ट्रायलमध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ते घेणाऱ्या 2,134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही, आणि त्या ट्रायलमध्ये 16 वर्षांच्या मुलीही घेतल्या होत्या. मग देशात हे इंजेक्शन येईल तेव्हा 16 वर्षांच्या मुलीला पालकांच्या सहीशिवाय मिळणार का, याचा एक रकाना पेनने आखून घ्या आणि कायदा खात्याच्या माणसाकडून तिथल्या तिथे भरून घ्या.