अर्ध्या टनाच्या दोन चेन पुली आणि जांभळे बेल्ट: ट्रेलरवरची होडी उतरवताना

होडी ट्रेलरवर असताना तिचा तळ रंगवायला घेतला, तर सर्वांत जास्त घासलेली जागा नेमकी रोलरखाली दडलेली असते आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून खाली सोडता येणाऱ्या फळीच्या, फटीत ब्रशही शिरत नाही. माझी वेफेअरर जातीची छोटी शिडाची होडी जेमतेम १६ फुटांची आहे. या जातीच्या ठरलेल्या मापांनुसार तिच्या नुसत्या सांगाड्याचे वजन १६९ किलो, पण जुनी फायबरची होडी याहून जडच भरते. आजवर आम्ही सहा जण मिळून ती उचलत होतो. गेल्या वर्षी एकाचा पाय घसरला आणि कडेवर हातभर ओरखडा उमटला. एवढ्याशा होडीसाठी हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलावणे जिवावर येते, म्हणून यंदा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून अर्धा टन पेलणाऱ्या, हाताने साखळी ओढून वजन उचलायच्या दोन चेन पुली आणि होडीखालून घालायचे बेल्ट आणले.

पुलींबद्दल तक्रार करायला जागा नाही. दोन्हींवर आयएस ३८३२ हे अशा पुलींचे भारतीय मानक कोरलेले आहे, हुकांना स्प्रिंगची जीभ आहे, आणि हातातली साखळी सोडली की भार जिथल्या तिथे थांबतो. हा ब्रेक घर्षणावर चालतो. त्यामुळे खाऱ्या हवेत गंज चढू नये म्हणून भाराच्या साखळीला तेल जरूर द्यावे, मात्र ब्रेकच्या चकत्यांपर्यंत ते अजिबात पोहोचू देऊ नये. काम संथ चालते, हातभर साखळी ओढल्यावर होडी अगदी थोडीशी वर येते, पण मला हा संथपणा सोयीचाच वाटला. एक पुली नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आणि दुसरी मागे टांगून आळीपाळीने चार-चार बोटे उचलत गेलो, तर होडी सपाट राहते आणि कुठे काय अडकते आहे ते वेळेवर दिसते.

बेल्टच्या बाबतीत मात्र दुकानदाराने निराशा केली. पहिल्यांदा दिलेल्या जोडीवर लेबलच नव्हते आणि एका टोकाची शिवण उसवू लागली होती. ती जोडी मी परत केली. नंतर घेतलेले पॉलिएस्टरचे जांभळे बेल्ट एक टनाचे आहेत. प्रचलित रंगसंकेतात जांभळा म्हणजे एक टन, हिरवा म्हणजे दोन. अशा बेल्टच्या लेबलवर ७:१ हे सुरक्षेचे प्रमाण (म्हणजे लिहिलेल्या भाराच्या सातपट ताकद) छापलेले असते, आणि ज्याच्यावर लेबल नाही तो बेल्ट कितीही नवा दिसला तरी माझ्या लेखी दोरासारखा काहीबाही बांधायच्याच लायकीचा.

बेल्ट तळाखालून घेऊन दोन्ही टोके सरळ हुकात अडकवली, तर ती वर जाताना एकमेकांकडे झुकतात आणि होडीच्या कडा आत दाबतात. म्हणून होडीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब लाकडी आडवी दांडी हुकाखाली घालून बेल्टची टोके तिच्या दोन खाचांत बसवली. दुसरी अडचण पुढच्या बेल्टची: होडी नाळेकडे निमुळती होत जात असल्याने तो पुढे सरकू पाहतो. दोन्ही बेल्ट कडेलगत दोराने एकमेकांना बांधल्यावर तो जागेवर राहिला.

उचलण्याआधी डोलकाठी, सुकाणू आणि आतले सामान काढावे, बुचे उघडून हवेच्या कप्प्यांतले पाणी सोडावे. कप्प्यात चाळीस लिटर पाणी राहिले तर चाळीस किलो वाढतात, आणि ते एका टोकाला धावले की होडी कलंडते. माझ्याकडून सेंटरबोर्डची दोरी बांधायची राहिली. होडी ट्रेलरवरून वीतभर सुटताच तो खाडकन खाली आला. सुदैवाने तिथे कुणाचा पाय नव्हता.

पुली मात्र शेडच्या पत्र्याच्या अँगलला टांगू नयेत. मी त्या भिंतीत रोवलेल्या लोखंडी गर्डरला लावल्या, तोही वेल्डिंग करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून तपासून घेऊनच. ट्रेलर खालून ओढून काढल्यावर होडी लगेच गालिचा गुंडाळलेल्या दोन लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) उतरवली. टांगलेल्या होडीखाली शिरून तळ घासायचा मोह होतो, पण साखळीला धरलेल्या वजनाखाली डोके घालायचे नाही, हा नियम आमच्या घरी मोडत नाही.

दोन पुली आणि बेल्टचा खर्च हायड्राच्या दोन फेऱ्यांएवढा झाला. पुढच्या वर्षीसाठी बेल्ट गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, अंधाऱ्या फळीवर ठेवले आहेत. उन्हाने त्यांचे धागे कमजोर होतात.