विज्ञानकथा की जादूची दुनिया? वाचत्या मुलासाठी पुस्तक निवडताना

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी साहसकथा निवडायची झाली की मोठी माणसं मुखपृष्ठाकडे पाहतात. यान दिसलं की विज्ञानकथा, ड्रॅगन दिसला की फँटसी. मग ‘निदान काही शिकायला तरी मिळेल’ म्हणून विज्ञानकथेच्या बाजूने कौल जातो. मला हा निकष पटत नाही. शिकवण्याच्या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच बेभरवशाचे आहेत. दोघांत खरा फरक आहे तो नियम कोण ठरवतं याचा, आणि कोणत्या मुलाला काय रुचेल हे बरंचसं त्यावरच ठरतं.

विज्ञानकथेतले नियम पुस्तकाच्या आधीपासून अस्तित्वात असतात. त्यामुळे वाचक पुस्तक मिटून लेखकाची चूक काढू शकतो. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत तीन माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं. तोफेची लांबी ९०० फूट, गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. शाळेत गतीची समीकरणं शिकलेल्या मुलाने हे आकडे मांडून पाहिले, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त येतं. म्हणजे चंद्र राहिला दूर, तोफेतून बाहेर पडण्याआधीच प्रवाशांचा चेंदामेंदा. व्हर्नलाही धक्क्याची कल्पना होती, म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी ठेवली. पण ती असल्या धक्क्यापुढे काय टिकणार! एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या अदृश्य माणसाचंही तेच. शरीर पूर्ण पारदर्शक झालं तर डोळ्यातल्या पडद्यावर प्रकाश अडणारच नाही, आणि न अडलेला प्रकाश दिसणार कसा? अदृश्य माणूस आंधळाच असायला हवा. काही मुलांना ही खोट सापडते तेव्हा गोष्टीपेक्षा जास्त मजा येते, आणि गोष्ट आवडेनाशी होत नाही ती नाहीच.

फँटसीत नियम लेखक स्वतः घालतो. अर्सुला ले ग्विनच्या १९६८ च्या ‘अर्थसी’च्या जगात ज्याला एखाद्या वस्तूचं किंवा प्राण्याचं खरं नाव कळलं, त्याची त्यावर सत्ता चालते, आणि जादू वापरली की जगाचा समतोल ढळतो, त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. हे बाहेर कुठे ताडून पाहता येत नाही. इथे वाचकाचं काम वेगळं: नियम लक्षात ठेवायचा आणि लेखक तो पाळतो का यावर डोळा ठेवायचा. चांगली फँटसी या बाबतीत फार कडक असते. सुमार फँटसीत नायक पुरता अडकला की तोपर्यंत कधीही न ऐकलेला मंत्र नेमका तेव्हाच आठवतो. पुस्तक चाळताना हा एक दोष शोधायला शिकलात तरी निम्मी निवड झाली.

म्हणून ‘छे, असं होऊच शकत नाही’ म्हणून हुज्जत घालणाऱ्या मुलाला विज्ञानकथा द्या. काल्पनिक देशांचे नकाशे काढणारं, पात्रांची नाती तोंडपाठ सांगणारं मूल फँटसीत रमेल. हुज्जतखोर मुलाला फँटसी दिलीत तर ते पहिल्या उडत्या घोड्यापाशीच पुस्तक मिटेल असं नाही, पण शक्यता बरीच आहे.

मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो लांबीचा मुद्दा, आणि नेमका तोच कुणी विचारात घेत नाही. विज्ञानकथेला एकच कल्पना पुरते, त्यामुळे ती लघुकथेत छान बसते. मराठी वाचकाला हे सांगायला नको. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरली तीही लघुकथाच होती. (नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालंच.) त्यांचा ‘यक्षांची देणगी’सारखा संग्रह असला की एका बैठकीत एक कथा संपते, आवडली नाही तर पुढची उघडता येते. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलासाठी याहून सोयीचं काही नाही. व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या आहेत. लघुकथांनंतरची पायरी म्हणून त्या उत्तम.

फँटसीला मात्र जागा लागते. आधी जग उभं करायचं, मग त्यात माणसं, मग संकट. जे. आर. आर. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ (१९३७) एका खंडात संपतं आणि मोठ्याने वाचून दाखवायलाही सोपं आहे. पण त्याच जगातली त्यांची पुढची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली आणि ती मुलांसाठी नाहीच. ‘हॅरी पॉटर’चे सात भाग १९९७ ते २००७ या काळात आले. मूळ इंग्रजी आवृत्तीत पहिला भाग सव्वादोनशे पानांच्या आसपास आहे, पाचवा साडेसातशेच्या पुढे. नुसती पानंच वाढत नाहीत. नायकाचं वय वाढतं तसा मजकूरही गडद होतो, प्रिय पात्रं मरतात. नऊ वर्षांच्या मुलाला पहिला भाग चालला म्हणजे त्याच वर्षी पाचवाही चालेल असं धरून बसू नका.

भीतीबद्दल थोडंसं. फँटसीतला राक्षस कितीही भयंकर असला तरी तो दुसऱ्या जगात राहतो. विज्ञानकथेतली साथ किंवा ताब्याबाहेर गेलेलं यंत्र याच जगातलं असतं, आणि हळव्या मुलाला रात्री झोपताना हा फरक जाणवतो.

आता त्या ‘शिकायला मिळेल’ची गोष्ट. १८७७ मध्ये जिओव्हानी स्कियापरेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या. पुढे पर्सिव्हल लोवेलने ते तिथल्या रहिवाशांनी खोदलेले कालवे असल्याचं ठामपणे मांडलं, आणि कथालेखकांनी मंगळावर वस्ती केली ती केलीच. १९६५ मध्ये मरिनर-४ या अवकाशयानाने जवळून छायाचित्रं पाठवली; त्यांत विवरं होती, कालवे नव्हते. एका फटक्यात कपाटभर कथांचं विज्ञान बाद झालं. शिवाय आजच्या विज्ञानकथाही एखादा नियम राजरोस मोडतात. सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत पोहोचायला प्रकाशालाच सव्वाचार वर्षं लागतात आणि कथेतलं यान दुपारपर्यंत जाऊन येतं. यात गैर काही नाही, पण माहिती हवी असेल तर माहितीचंच पुस्तक घ्या. जादूच्या गोष्टीला हा धोका नाही, कारण ड्रॅगन नसतात हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जुनी विज्ञानकथा म्हणून टाकून द्यावी असंही नाही. वेल्सचे १८९८ चे मंगळवासी आजही वाचावेसे वाटतात, कारण आपल्याहून बलाढ्य कुणीतरी चाल करून आलं तर काय, हा प्रश्न कालव्यांवर अवलंबून नव्हता.

दोन्हींच्या मधलंही काही असतं. मॅडेलीन लेंगलच्या ‘अ रिंकल इन टाइम’मध्ये (१९६२) हरवलेल्या वडिलांना शोधायला निघालेली मुलं अवकाशाला घडी घालून प्रवास करतात, कल्पना भूमितीची, पण त्यांना नेणाऱ्या तिघी बायका सरळ परीकथेतून आलेल्या. सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू (१९६१ पासून) नावाला शास्त्रज्ञ आहे, पण त्याचे शोध चालतात कसे हे विचारायचं नसतं. मुलाचा कल अजून कळला नसेल तर मी यांपैकी एक देईन आणि ते कशाबद्दल प्रश्न विचारतं ते बघेन.

एक सूचना राहिली. फँटसीचा संपूर्ण संच एकदम आणू नका. सात जाड खंड समोर दिसले की उत्साही मूलही बिचकतं. पहिला भाग आणा. आणि पहिला म्हणजे आधी प्रसिद्ध झालेला. सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’त कथेच्या काळानुसार सर्वांत आधी घडणारा भाग १९५५ मध्ये, म्हणजे सहाव्या क्रमांकावर आला, आणि काही संचांवर त्यालाच एक क्रमांक दिलेला असतो. कपाटातून हिमाच्छादित जंगलात नेणारा १९५० चा भाग आधी वाचायला द्या. ते जग कसं जन्मलं हे जाणून घ्यायची उत्सुकता ते जग पाहिल्यावरच येते.