परसातली बदकं: रोजचं अंडं हवं की घरची पिल्लं?

बदकं घ्यायची ठरली की बहुतेकजण एकच विचारतात, 'सगळ्यात जास्त अंडी कोण देतं?' त्याआधी स्वतःला विचारा, पुढच्या वर्षीची पिल्लं कुठून आणणार? कारण जी मादी अंड्यांवर बसते ती तेवढे दिवस अंडी घालत नाही, आणि जी वर्षभर अंडी घालते तिला बसायची इच्छाच होत नाही. खुडूक गावठी कोंबडी पाहिलेल्यांना हे ठाऊक आहे. बदकांत मात्र हा फरक जातीजातींत फार टोकाचा आहे. म्हणून इथे मुख्यतः दोनच जातींबद्दल लिहितो: खाकी कॅम्पबेल आणि मस्कोव्ही. बाकीच्यांचा उल्लेख ओघात येईल.

खाकी कॅम्पबेल ही इंग्लंडमधली जात. ग्लॉस्टरशायरमधल्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रनर आणि रुआँ या बदकांच्या जाती आणि रानबदक यांच्या संकरातून ती तयार केली. उद्देश सरळ होता, भरपूर अंडी. चांगल्या वाणाची, नीट खाऊ-पिऊ घातलेली मादी वर्षाला 250 ते 300 अंडी देते. अंडं साधारण 60 ते 70 ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोरलं. मादीचं वजन दोन किलोच्या आसपास. पाच ते सहा महिन्यांची झाली की ती अंड्यावर येते, म्हणजे अंडी घालायला लागते.

मस्कोव्हीचं कूळच वेगळं. आपली बाकीची पाळीव बदकं रानबदकाच्या वंशातली, ही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. तोंडावर लाल मांसल गाठी, पायाला अणकुचीदार नख्या, आणि बसायला उंच जागा आवडते, कारण तिचे रानातले भाऊबंद झाडांच्या ढोलीत घरटं करतात. ती वर्षाला साधारण 60 ते 120 अंडी देते, तीही सलग नाही. दहा-पंधरा अंड्यांचा एक डाव घालायचा आणि बसायचं. सोय नीट असेल तर वर्षात दोन-तीनदा पिल्लं काढते.

आकडे बघून कॅम्पबेल सरळ जिंकली असं वाटेल. ज्याला फक्त अंडी हवीत त्याच्यासाठी ती जिंकलीच आहे.

सकाळचे नऊ वाजेपर्यंत दार उघडू नका

बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान घालतात. कॅम्पबेल पाळणाऱ्याने एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी कटकट संपते. या मादीला घरट्याचं सोयरसुतक नसतं. चालता चालता अंडं टाकेल, चिखलात टाकेल, तळ्यात पोहताना टाकेल आणि मागे वळून बघणारही नाही. सहाला दार उघडलंत तर अंडी माडाच्या आळ्यात शोधत फिरावं लागेल, आणि तुमच्याआधी कावळा तिथे पोचलेला असेल.

नऊपर्यंत खुराड्यात ठेवायचं आणि खाली कोरडं तूस किंवा पेंढा जाड पसरायचा. भिंतीकडेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभर रुंद, फूटभर उंच आणि दीड फूट खोल अशा खोक्यांची रांग जमिनीलगतच ठेवायची, कारण कॅम्पबेल चढत नाही. तीन माद्यांना एक खोकं पुरतं. नव्या माद्यांना जागा कळावी म्हणून प्रत्येक खोक्यात एखादं लाकडी किंवा प्लास्टिकचं अंडं ठेवून द्यावं. दुसरी कुणीतरी इथे घालते आहे, असा तिचा समज झाला की तीही तिथेच येते. कॅम्पबेललाही थोडी घरट्याची आठवण असते: पेंढ्यात छातीने खळगा करते, चोचीने दोन काड्या अंगावर ओढते, अंडं घालते आणि उठून जाते. पुष्कळदा अंडं पेंढ्याखाली झाकलेलं असतं, तेव्हा नुसतं वरून बघून 'आज नाही' असं ठरवू नका, हात घालून चाचपा.

मस्कोव्हीच्या बाबतीत दाराचा नियम उपयोगाचा नाही. तिला जागा पसंत पडली नाही तर ती अंडं घालायला बाहेर जाणारच, आणि जागा निवडण्यात ती तुमच्यापेक्षा हुशार असते. झावळ्यांचा ढीग, गवताची उडवी, लाकडांची रास, पडवीतला मोडका पलंग. रोज सकाळी एखादी मादी तास-दोन तास दिसेनाशी होत असेल तर समजावं, कुठेतरी डाव सुरू आहे. लपून मागोमाग जा. तुम्ही बघताय हे तिला कळलं तर ती सरळ घरट्याकडे जायची नाही.

कोकणात जमिनीवरचं उघडं घरटं म्हणजे मुंगूस आणि सापाला आमंत्रण. म्हणून मस्कोव्हीसाठी दीड-दोन फूट उंचीवर, एकाच बाजूने तोंड असलेलं खोकं बांधावं आणि वर चढायला तिरकी फळी लावावी. तिला अंधार आणि पाठीशी भिंत लागते. ती मिळाली तर ती स्वतःहून खोक्यात येते.

बसलेली मादी कशी ओळखायची

मस्कोव्ही बसण्याचा सोहळा एकदा तरी बघावा असा असतो. शेवटच्या काही अंड्यांपासून ती छातीचा मऊ पिसारा उपटून घरट्यात रचायला लागते. मग एके दिवशी उठतच नाही. जवळ गेलात तर चपटी होते, शेपूट पंख्यासारखी पसरते, फुत्कारते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा खाली उतरते. उतरण्याआधी पिसांची दुलई अंड्यांवर ओढून घेते. मग घाईघाईने खाते, डुबकी मारते, एक मोठी, नाक धरायला लावणारी विष्ठा टाकते आणि ओल्या छातीनेच परत अंड्यांवर बसते. तो ओलावा अंड्यांना हवाच असतो. म्हणून बसलेल्या मादीजवळ पाण्याचं टोपलं असावं, पण घरटं मात्र तिथून हलवू नये. हलवावंच लागलं तर रात्री, आणि अख्ख्या खोक्यासकट.

मस्कोव्हीची अंडी उबायला 35 दिवस लागतात. कॅम्पबेल, पेकिन, रनर, गावठी, बाकी सगळ्यांना 28. हा आठवडाभराचा फरक विसरल्यामुळे फार पिल्लं वाया जातात. मस्कोव्ही उत्तम बसते म्हणून तिच्याखाली चार कॅम्पबेलची अंडी सरकवली, की ती आठवडाभर आधी फुटतात. पिल्लं चिवचिवायला लागली की आई त्यांना घेऊन उठते आणि तिची स्वतःची अंडी ऐन वेळी गार पडतात. द्यायची तर सगळी एकाच जातीची आणि एकाच दिवशी द्या.

पिल्लं नको असतील आणि मादी बसली असेल, तर अंडी काढून घेऊन भागत नाही. ती रिकाम्या घरट्यावरही बसून राहते. तिला काही दिवस पेंढा नसलेल्या, हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवावं, खाणं-पाणी मात्र भरपूर द्यावं. खुडूकपणा उतरतो, आणि पुढे पंधरवड्याभरात ती पुन्हा अंड्यावर येते.

मग कॅम्पबेलची पिल्लं कशी काढायची?

इथेच माझा कौल ठरतो. ज्यांच्याकडे आधीच गावठी कोंबड्या आहेत, त्यांनी कॅम्पबेल घ्यावी आणि पिल्लांचं काम कोंबडीवर सोपवावं. उबवणीचं यंत्र घेता येतं, पण पावसाळ्यात रात्र रात्र वीज जाते तिथे इन्व्हर्टर नसेल तर त्याचा भरवसा नको.

खुडूक कोंबडीखाली बदकाची आठ ते दहा अंडी मावतात. मात्र तिच्या हिशेबात 21 दिवस आहेत आणि काम 28 दिवसांचं. म्हणून पहिल्या खेपेची, उठसूट उतरणारी कोंबडी नको. जिने आधी पिल्लं काढली आहेत अशी जुनी निवडा. बदकाचं अंडं तिला जड जातं, म्हणून रोज ती खायला उतरली की अंडी हाताने फिरवावीत. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्यावर कोमट पाणी हलकेच शिंपडावं, कारण कोंबडी काही ओली होऊन येत नाही. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी बघून रिकामी काढून टाकावीत. पिल्लं निघाली की त्यांना पहिले तीन-चार आठवडे खोल पाण्यापासून लांब ठेवा. बदकाच्या आईच्या अंगाचं तेल पिल्लांच्या पिसांना लागतं, कोंबडीकडून ते मिळत नाही, आणि भिजलेलं पिल्लू गारठून मरतं. काठावर कोंबडीचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

नुसती अंडी खायची असतील तर नर ठेवायची गरज नाही, अंडी त्याच्याशिवायही येतात. पिल्लांसाठी पाच-सहा माद्यांना एक नर. मस्कोव्हीचा नर कॅम्पबेलच्या माद्यांत सोडू नये. तो वजनाने त्यांच्या दुप्पट-तिप्पट असतो, माद्या जखमी होतात, आणि त्या संकराची पिल्लं मोठी होतात पण त्यांची पुढे प्रजा होत नाही.

अंडी अचानक बंद झाली तर

मस्कोव्ही असेल तर आधी तिचं लपलेलं घरटं शोधा. कॅम्पबेल असेल तर उजेड, पिसं आणि खाणं, या क्रमाने बघा. बदकाला अंड्यावर राहायला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. पहाटे एक साधा बल्ब लावला तर फरक पडतो. पिसं झडण्याच्या दिवसांत मात्र अंडी थांबणारच, तेव्हा जबरदस्ती नको.

खाण्यात एक पथ्य कडक पाळा: शेंगदाण्याची पेंड आणि बुरशी आलेला मका बदकांना अजिबात घालू नका. त्यातलं बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर बाधतं. अंड्यावरच्या मादीला रोज 120 ते 150 ग्रॅम खाद्य हवं. कवच पातळ यायला लागलं तर खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. लागेल तेवढं ती स्वतः खाते.

शेजार आणि जागा

चाळीच्या मागच्या अंगणात किंवा भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत हा मुद्दा अंड्यांपेक्षा मोठा ठरू शकतो. कॅम्पबेलच्या माद्या पहाटेपासून गळा काढतात. मस्कोव्ही जवळजवळ मुकीच, नर फुसफुसतो आणि मादी बारीक आवाज काढते. पण ती उडते. एका पंखाची पिसं कापली नाहीत तर शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसेल. पोहायला तळं दोघींनाही असलंच पाहिजे असं नाही, अंड्यांसाठी तर नाहीच. चोच आणि डोळे बुडतील एवढं खोल पाणी मात्र हवं.

पेकिन मटणासाठी पाळतात, अंडी मध्यम. रनरचं वागणं कॅम्पबेलसारखंच. बाजारातली गावठी मिश्र बदकं स्वस्त आणि काटक असतात, त्यातली एखादी छान बसतेही, पण कोणती ते घेताना कळत नाही.

घरी कोंबडी नाही, यंत्र नको, थोडं मटणही हवं आणि जागा ऐसपैस आहे, असं असेल तर मस्कोव्ही. एक नर आणि तीन-चार माद्या पुरेत. बाकी सगळ्यांनी कॅम्पबेल घ्यावी आणि एक दिवसाची पिल्लं घेण्याऐवजी चार महिन्यांच्या माद्या घ्याव्यात. त्या वयात आवाजावरून मादी ओळखता येते: मोठ्याने 'क्वॅक' करते ती मादी, घोगरं पुटपुटतो तो नर. विक्रेत्याच्या शब्दावर न राहता एकेक उचलून ओरडू द्या आणि मग पैसे मोजा.