सोनी एमडीआर-७५०६: डायलॉग एडिटच्या टेबलावरचा हेडफोन
सोनीचा एमडीआर-७५०६ बाजारात आला १९९१ साली, आणि आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो. घरी बसून डायलॉग एडिट करणाऱ्या, म्हणजे सिनेमाचे संवाद साफ करून जोडणाऱ्या सहायकाने पहिला हेडफोन म्हणून बेलाशक हाच घ्यावा. फक्त तो चुका शोधण्यासाठी आहे, मिक्स (सगळ्या आवाजांचा अंतिम तोल) ठरवण्यासाठी नाही, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

यातला ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) वरच्या पट्टीत उजळ वाजतो. तासभर गाणी ऐकली तर कानाला टोचेल असा हा उजळपणा एडिटमध्ये मात्र सोन्यासारखा आहे. दोन टेक जोडताना लाट मधेच तुटली की येणारी बारीक ‘टिक’, ओठ सुटतानाचा चिकट आवाज, लेपल माइकवर (कपड्यांना लावायच्या छोट्या माइकवर) घासणारं कापड, एका शॉटमधला पंखा दुसऱ्यात नसल्यामुळे रूम टोनला (जागेच्या पार्श्वभूमीच्या सततच्या आवाजाला) पडलेलं भोक: लॅपटॉपच्या स्पीकरवर सहज निसटणारं हे सगळं इथे उघडं पडतं. टिक घालवायला बहुतेकदा एका फ्रेमपेक्षाही छोटा क्रॉसफेड (एक आवाज विरत असतानाच दुसरा चढवणं) पुरतो. सेकंदाला २४ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे सॅम्पल) धरले तर एका फ्रेममध्ये २००० सॅम्पल बसतात, म्हणून कटाची जागा सॅम्पलपर्यंत झूम करून शोधावी. रूम टोनचं भोक इतक्या सहज बुजत नाही. त्याच सेटअपचा टोन खाली अंथरून दोन्ही टोकांना लांब फेड द्यावे लागतात.

याच उजळपणाची एक खोड आहे. ‘स’, ‘श’ आणि ‘चांगलं’, ‘माझं’ यांतले दंत्य च-झ मुळात असतात त्याहून धारदार ऐकू येतात. मग हात डी-एसरकडे (‘स’-‘श’ची धार कमी करणाऱ्या साधनाकडे) जातो आणि गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं. थिएटरमध्ये तेच संवाद बोथट, तोंडावर रुमाल धरल्यासारखे वाटतात. या हेडफोनवर डी-एसर लावायचाच झाला तर हलका लावावा. बाकीचं री-रेकॉर्डिंग मिक्सरवर (अंतिम मिक्स करणाऱ्या तंत्रज्ञावर) सोडावं.

खालच्या पट्टीत उलट प्रकार होतो. जनरेटर किंवा विजेच्या तारेची ५० हर्ट्झची घरघर कमी आवाजात ऐकताना सहज निसटते आणि थिएटरच्या मोठ्या स्पीकरवर अंगावर येते. तिच्यासाठी कानावर विसंबू नये, स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडून ५०, १०० आणि १५० हर्ट्झवरच्या रेघा पाहाव्यात.

सर्वांत महत्त्वाचं, ऐकणं मोनोत (दोन्ही कानांत एकच आवाज) ठेवावं. सिनेमात संवाद बहुतांशी मधल्या एकाच स्पीकरमधून येतात. बूम (लांब दांडीवरचा माइक) डाव्या कानात आणि लेपल उजव्या कानात ठेवून ऐकलं तर दोन्ही छान वाटतात. एकत्र आले की आवाज पोकळ होतो. बूम लेपलपेक्षा साधारण ७० सेंटिमीटर दूर असेल तर त्याचा आवाज २ मिलिसेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ९६ सॅम्पल उशिरा पोचतो, आणि दोन्ही लाटा एकमेकींना खोडल्यामुळे येणारी पहिली खाच २५० हर्ट्झला, ऐन माणसाच्या आवाजात पडते. एक माइक निवडावा, नाहीतर ट्रॅक सरकवून जुळवावा. नट चालत असेल तर अंतर बदलत राहतं, तेव्हा निवडणंच बरं.

हा हेडफोन ६३ ओहमचा (विजेला फारसा रोध न करणारा) असल्याने लॅपटॉपच्या जॅकवरही पुरेसा वाजतो, वेगळा अॅम्प लागत नाही. तारेचा हेडफोन असल्यामुळे ओठ आणि शब्द यांच्यात ब्लूटूथचा उशीर शिरत नाही. पण ही स्प्रिंगसारखी वेटोळी केबल आतून पक्की जोडलेली आहे, तुटली तर सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. घडी घालताना बिजागरीजवळची उघडी बारीक तार चिमटणार नाही याकडे लक्ष द्यावं. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन कालांतराने पापुद्रे सोडतं. गादी ओढली की निघते, नवीन गादीची कड वाटीच्या कडेवर ताणून बसवायची. मखमली गाद्या उन्हाळ्यात सुखाच्या, पण त्यांनी खालची पट्टी बदलते, तेव्हा ओळखीचे संवाद पुन्हा ऐकून कान जुळवून घ्यावेत.

नकली माल भरपूर आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. सुटी होणारी केबल हवीच असेल तर सोनीचाच २०२४ चा एमडीआर-एम१ पाहावा.