क्रातोख्विलोवा की हेय्नोवा, आधी कोणाच्या रेस बघाव्यात?

पुतणीनं ४०० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) सुरू केले तेव्हा माझ्यापुढे हाच प्रश्न होता, की चेक रनर्समधल्या ४०० आणि ८०० मीटर पळणाऱ्या यार्मिला क्रातोख्विलोवाच्या रेस तिला आधी दाखवायच्या की ४०० हर्डल्सवाल्या झुझाना हेय्नोवाच्या. दोघी आता रिटायर झाल्यात, दोघी वर्ल्ड चॅम्पियन, त्यामुळे कोणीही निवडलं तरी नुकसान काही नाही.

दम म्हणजे काय हे बघायचं तर क्रातोख्विलोवाची १९८३ ची हेलसिंकी वर्ल्ड चॅम्पियनशिप. एकाच दिवशी ८०० ची फायनल जिंकली, थोड्याच वेळात ४०० ची सेमी पळाली आणि दुसऱ्या दिवशी ४०० मध्ये ४७.९९ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड! त्याच्या दोनेक आठवडे आधी म्युनिकला ८०० मध्ये १:५३.२८, तो रेकॉर्ड ४० वर्षं उलटली तरी कोणाला मोडता आला नाही. पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियानं लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि ती गेलीच नाही. मला अजून हळहळ वाटते.

पण तिच्या व्हिडिओखाली लोक रेसबद्दल बोलतच नाहीत, सगळं तिच्या दंडांबद्दल आणि चेहऱ्याबद्दल. पुतणी १४ वर्षांची, खांद्यानं भरलेली, तिनं ते सगळं वाचलं आणि विचारलं, "काका, मुलगी जोरात पळाली की लोक असंच बोलतात का?" क्रातोख्विलोवा कधी डोपिंगच्या, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधांच्या, टेस्टमध्ये सापडली नाही हे खरं, त्या काळात पूर्व युरोपात काय काय चालायचं हेही खरं, पण हे समजावता समजावता रेस बाजूलाच राहिली. माझं तिथेच ठरलं, आधी हेय्नोवा.

डोपिंगचा विषय हेय्नोवालाही चुकला नाही म्हणा. लंडन २०१२ ऑलिंपिकला ती तिसरी आली आणि दहा वर्षांनी पहिल्या आलेल्या रशियाच्या अन्त्युखचा रिझल्ट डोपिंगमुळे रद्द झाल्यावर तिचं सिल्व्हर झालं. पण यात अन्याय कोणावर झाला ते पोरीला एका वाक्यात कळलं. शिवाय २०१४ चा सीझन दुखापतीत गेला तरी २०१५ ला बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये परत गोल्ड, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी, हेही पोरांनी बघायला हवं.

ज्याची त्याची आवड, नुसतं ४०० किंवा ८०० पळणाऱ्यानं क्रातोख्विलोवापासून सुरुवात केली तर मी नाही म्हणणार नाही. पण हर्डल्सवाल्यांनी, मला वाटतं, हेय्नोवाची मॉस्को २०१३ वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल आधी बघावी, ५२.८३ सेकंद, आणि दुसरी आलेली दलायला मुहम्मद, जी पुढे ऑलिंपिक चॅम्पियन झाली, ती सव्वा सेकंद मागे. पुतणीनं शेवटचे दोन हर्डल्स मागे घेऊन घेऊन पाच-सहा वेळा बघितले, आणि दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर नववा हर्डल पहिल्यांदाच पावलं बारीक न करता घेतला.